गोल्फसाठी हातातला जीपीएस घेताना: आधी नकाशा बघा, मग मशीन

गोल्फचा जीपीएस घ्यायचाय असं कोणी म्हणालं की मी आधी बजेट विचारत नाही, कुठल्या कोर्सवर खेळता ते विचारतो. कारण या मशीनमध्ये खरी किंमत स्क्रीनची नाही, बॅटरीचीही नाही, आत भरलेल्या नकाशाची आहे. सॅटेलाइटच्या सिग्नलवरून मशीनला एवढंच कळतं की तुम्ही आत्ता कुठे उभे आहात, बस. ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) कुठे सुरू होतं, बंकर (वाळूचा खड्डा) कुठे संपतो, पाणी कुठून कुठपर्यंत आहे हे सॅटेलाइटला काय माहीत, ते कोणीतरी आधी कोर्सवर फिरून नाहीतर वरून काढलेल्या फोटोवर रेघा मारून त्यात भरलेलं असतं. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा आकडा हे तुमची जागा आणि नकाशातला एक बिंदू यांच्यातलं अंतर असतं, आणि तुमची जागा सहसा फार चुकत नाही, चुकतो तो नकाशा.

म्हणून दुकानात जायच्या आधी, ऑनलाइन कार्टमध्ये टाकायच्या आधी, कंपनीच्या साइटवर किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये कोर्सची यादी उघडा आणि तुम्ही वर्षभर जिथे जिथे खेळता ते सगळे कोर्स एकेक करून शोधा. ४० हजार कोर्स, जगभरातले कोर्स असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं, पण त्या ४० हजारात तुमचा घरचा कोर्स नसेल तर बाकीच्यांचं करायचं काय. शोधताना एक लक्षात ठेवा, क्लबांची नावं जुनी आहेत. पुण्यातला येरवड्याचा क्लब ‘पूना गोल्फ क्लब’ या नावाने आहे, चेंबूरचा ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, त्यामुळे पुणे किंवा मुंबई टाकून काही आलं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. मोठे कोर्स, म्हणजे हे दोन, बावधनजवळचं ऑक्सफर्ड, सिडकोचा खारघर व्हॅली, असे बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे सापडायला हवेत, पण तरी गृहीत धरू नका, बघाच. खरी अडचण येते ती लहान ९ होलच्या कोर्सची, लष्कराच्या छावणीतल्या कोर्सची, आणि जिथे ग्रीनवर अजून गवताऐवजी वाळू-तेल असतं, ज्याला ब्राउन्स म्हणतात, तिथली. तिथे कुठल्या कंपनीचा नकाशा असला तरी तो किती जुना आहे हा प्रश्न उरतोच.

आणि कोर्स यादीत असणं म्हणजे पूर्ण असणं नव्हे. काही कोर्सचं फक्त ग्रीनचं पुढचं, मधलं, मागचं अंतर भरलेलं असतं, काहींचे बंकर आणि पाणी पण असतं, आणि काहींचा पूर्ण चित्र-नकाशा असतो ज्यावर बोट ठेवलं की तिथपर्यंतचं अंतर दिसतं. एकाच मशीनमध्ये एका कोर्सचं सगळं असेल आणि शेजारच्या कोर्सचं निम्मंच असेल असं होतं. त्यामुळे मोठ्या रंगीत स्क्रीनचं महागडं मॉडेल घेऊन तुमच्या कोर्सवर त्यात फक्त तीनच आकडे दिसणार असतील तर ते तीन आकडे स्वस्त क्लिपवाल्या मॉडेलमध्येही तेवढेच दिसतात, जास्तीचे पैसे वाया.

कोर्सवर नेऊन तपासायची पद्धत

कोणा मित्राकडे ते मॉडेल असेल तर एक राउंड मागून घ्या, मेंबर लोक देतात, नाही म्हणत नाहीत. मग असं करा. एखाद्या होलवर पुढचे मागचे लोक नसताना ग्रीनच्या अगदी पुढच्या काठावर जाऊन उभे राहा आणि ‘पुढचं अंतर’ बघा, ते शून्याच्या आसपास यायला हवं, चार-पाच यार्ड इकडेतिकडे चालेल. मग चालत मागच्या काठाला जा आणि ‘मागचं अंतर’ बघा, तेही तसंच. ग्रीनवर गेल्यावर काही मशीन आपोआप पुढच्या होलवर उडी मारतात, तेव्हा ऑटो बंद करून होल हाताने निवडा. जर पुढच्या काठावर उभं राहून मशीन १२ किंवा १५ दाखवत असेल तर नकाशातलं ग्रीन सरकलेलं आहे, बहुतेक ग्रीन नव्याने बांधलंय आणि नकाशा जुनाच आहे. असं दोन-तीन होलवर करून बघितलं की तुम्हाला त्या कंपनीच्या तुमच्या कोर्सच्या नकाशाबद्दल जे कळेल ते कुठल्याही रिव्ह्यूमधून कळणार नाही.

ग्रीनपासून १५० यार्डवर रोवलेल्या खांबाशी उभं राहून पण ताडून बघता येतं, पण आधी कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) विचारा की इथले खांब ग्रीनच्या मध्यापर्यंत मोजलेत की पुढच्या काठापर्यंत, दोन्ही पद्धती आहेत, आणि ते माहीत नसताना लोक मशीनला दोष देतात.

दुसरी गोष्ट तपासायची ती म्हणजे शेजारी-शेजारी होल असतील तेव्हा मशीन गोंधळतं का. जागा कमी असलेल्या शहरी कोर्सवर, जिथे एका होलचं टी (पहिला शॉट मारायची जागा) दुसऱ्याच्या ग्रीनला चिकटून असतं, तिथे आपोआप होल ओळखणारं मशीन कधीकधी भलत्याच होलचे आकडे दाखवायला लागतं आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत शॉट मारून झालेला असतो. यासाठी होलचा नंबर स्क्रीनवर मोठा दिसायला हवा आणि एका बटणात बदलता यायला हवा. ९ होलचा कोर्स दोनदा खेळत असाल तर दुसऱ्या फेरीला ते दहावं होल म्हणून दाखवतं की परत पहिलं, स्कोर त्यातच लिहायचा असेल तर हेही बघून घ्या.

आकडे किती हवेत

बहुतेकांना मधल्या आकड्याची सवय असते कारण खांबावर तेवढंच असतं. पण जीपीएसचा खरा फायदा पुढच्या आणि मागच्या आकड्यात आहे, आणि माझं ठाम मत आहे की जो या दोन आकड्यांकडे बघणार नाही त्याने जीपीएस घेऊच नये, खांब पुरतात.

एक उदाहरण घ्या. मशीन दाखवतंय पुढे १३४, मध्ये १४८, मागे १६२. म्हणजे ग्रीन २८ यार्ड खोल आहे. समजा तुमचा सात नंबर आयर्न (क्लब म्हणजे बॉल मारायची काठी, त्यातला एक) हवेतून १४० जातो आणि पुढे सात-आठ यार्ड घरंगळतो, आणि सहा नंबर हवेतून १५० जातो आणि तेवढाच घरंगळतो. आता पिन, म्हणजे होलमधला झेंडा, पुढे लावलीय, ग्रीनच्या तोंडाशी बंकर आहे. मधला १४८ बघून तुम्ही सहा काढला तर बॉल १५७-१५८ वर थांबणार, म्हणजे पिनच्या कितीतरी मागे, आणि वरून खाली लांब पट (ग्रीनवरचा घरंगळता शॉट) येणार. सात काढला तर बॉल १४० वर पडतो, पुढचा काठ १३४, म्हणजे बंकर ओलांडून सहा यार्ड आत, आणि घरंगळून १४७ च्या आसपास, बरोबर मध्यात. पिन मागे असेल तर मात्र तोच सहा नंबर योग्य, १५७ म्हणजे मागच्या काठाच्या पाच यार्ड अलीकडे. एकाच जागेवरून, खांब एकच सांगत असताना, दोन वेगळे क्लब. हे गणित करायला फक्त तीन आकडे लागले, रंगीत नकाशा लागला नाही.

पण इथे एक गोष्ट सरळ आहे की तुमचा स्वतःचा सात नंबर हवेतून किती जातो हे तुम्हाला माहीत असायला हवं, घरंगळण्यासकट नाही, हवेतून. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एक दिवस काढून प्रत्येक क्लबचं सरासरी अंतर कार्डावर लिहा, सगळ्यात लांब गेलेला नाही, सरासरी. ते कार्ड नसेल तर १० हजाराचा जीपीएस आणि ५० हजाराचा जीपीएस दोन्ही सारखेच निरुपयोगी.

पिन आज कुठे आहे हे जीपीएसला माहीत नसतं, ती रोज हलते. बऱ्याच कोर्सवर झेंड्याच्या रंगावरून कळतं, लाल म्हणजे पुढे, पांढरा म्हणजे मध्ये, निळा म्हणजे मागे, पण तुमच्या क्लबची पद्धत विचारून घ्या. मोठ्या स्क्रीनच्या मॉडेलमध्ये ग्रीनच्या चित्रावर पिन बोटाने सरकवता येते, तो आकडा जास्त नेमका वाटतो पण शेवटी तुमच्या अंदाजावरच आहे.

तीन आकड्यांनंतर मला महत्त्वाचे वाटतात ते हॅझर्डचे दोन आकडे, पाण्याच्या किंवा बंकरच्या अलीकडच्या काठापर्यंत किती आणि पलीकडे पडायला किती. ड्राइव्ह मारताना हे लागतात. नाला २१० वर सुरू होतो आणि २२८ ला संपतो हे दिसलं की ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) मारायचा की त्याहून कमी जाणारा हायब्रिड घेऊन १९० वर थांबायचं हा निर्णय टीवरच होतो. काही स्वस्त मॉडेलमध्ये हॅझर्डचा एकच आकडा असतो आणि तो अलीकडचा की पलीकडचा हे लिहिलेलं नसतं, असं मॉडेल मी तरी घेणार नाही, अर्धवट माहिती पाण्याजवळ फार महाग पडते. डॉगलेगच्या (मध्येच वळणाऱ्या होलच्या) वळणापर्यंतचं अंतर पण उपयोगी आहे, विशेषतः पाहुणे म्हणून नवीन कोर्सवर गेल्यावर.

ग्रीनचा चढउतार दाखवणारे नकाशे, शॉटचे आलेख, क्लब सुचवणं, हे सगळं असलं तर छान, पण त्याच्यासाठी दुप्पट पैसे द्यायचे असतील तर तेवढ्या पैशात प्रोकडे थोडे लेसन घ्या.

किती अचूक असतं

अमेरिकन सरकारची जीपीएसबद्दलची माहिती सांगते की मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन सहसा ४.९ मीटरच्या त्रिज्येत जागा सांगतो. गोल्फचे जीपीएस पण साधारण याच घरात असतात, चांगले असले तर थोडे बरे. म्हणजे पाच-एक यार्डांचा फरक धरूनच चाला. हा फरक अर्ध्या क्लबाएवढा, म्हणजे लागोपाठच्या दोन क्लबांच्या अंतरातल्या फरकाच्या निम्मा आहे, त्यामुळे १४८ की १४९ यावर भांडण्यात अर्थ नाही. एक काळ असा होता की सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातली जायची आणि जागा १०० मीटरपर्यंत चुकायची, ती चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, आणि त्यानंतरच खिशात मावणारं गोल्फचं जीपीएस उपयोगाचं झालं.

जाहिरातीत जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ अशी नावं दिसली तर ती चांगली गोष्ट आहे, रशियाचे आणि युरोपचे सॅटेलाइटही वापरता येतात, आकाशात जास्त सॅटेलाइट दिसले की झाडांच्या दाटीत आकडा कमी उड्या मारतो. पण काही परदेशी मॉडेलवर ‘वास’ (WAAS) असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ती उत्तर अमेरिकेसाठीची सुधारणा-यंत्रणा आहे, तिचा भारतात फायदा नाही. आपल्याकडे त्याच प्रकारची यंत्रणा गगन आहे, इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीने मुख्यतः विमानांसाठी उभी केलेली. केवळ ‘वास’ आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका एवढंच.

ज्यांना पिनपर्यंतचं एक-एक यार्ड हवंय त्यांनी लेझर (पिनवर रोखून अंतर मोजणारं यंत्र) घ्यावा, तो प्रश्नच वेगळा. लेझरला पिन दिसावी लागते, हात स्थिर लागतो, आणि चढावर, झाडामागून, आंधळ्या शॉटला तो काही सांगत नाही. जीपीएस तिथेही सांगतो, आणि वेळ कमी घेतो. हात थरथरत असेल, चष्मा असेल, तर जीपीएसच बरा.

ऊन, पाऊस, हातमोजा

ही गोष्ट परदेशी रिव्ह्यूमध्ये फारशी सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी साडेनऊला स्क्रीन वाचता येते का हे बघायचं असेल तर दुकानाच्या दारात या, ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात. उन्हात जितकं ऊन जास्त तितकं स्पष्ट दिसणाऱ्या स्क्रीन असतात, दिसायला त्या जरा फिक्या, जुन्या वाटतात, पण कोर्सवर त्याच कामाला येतात. मागून उजेड टाकून चमकणाऱ्या स्क्रीनला उन्हात ब्राइटनेस पूर्ण वाढवावा लागतो आणि मग बॅटरी पळते. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो घालूनच बघा, मशीन आडवं-उभं फिरवा, काही स्क्रीन एका कोनात चक्क काळ्या पडतात.

अक्षराचा आकार. जवळचा चष्मा लागणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी बघावं. गोल्फ खेळताना जवळचा चष्मा कोणी लावत नाही, मग हात लांब करून मधला आकडा वाचता येतो का? मोठी स्क्रीन म्हणजे मोठा आकडा असं नसतं, मोठ्या स्क्रीनवर नकाशा असतो आणि आकडे कोपऱ्यात बारीक. आणि लहान क्लिपवाल्या मशीनवर कधीकधी आकडे जास्त मोठे असतात. ज्यांना वाचायचंच नाहीये त्यांच्यासाठी बोलणारे पण आहेत, गोल्फबडीचं व्हॉइस नावाचं छोटंसं मशीन टोपीला अडकवायचं, दाबलं की अंतर बोलून दाखवतं. वयस्कर खेळाडूंना मी हे मनापासून सुचवतो.

पावसाळ्यात टचस्क्रीनवर थेंब पडला की मशीनला वाटतं बोट लागलं, होल बदलतं, झूम होतं, मेनू उघडतो. जून ते सप्टेंबर खेळणार असाल तर बटणवालं घ्या, किंवा टच लॉक करता येणारं. आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर साधारण अर्धा तास एक मीटर पाण्यात राहण्याइतकं ते बंद असतं, आपल्या पावसाला तेवढं पुरे आहे, फक्त चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट बसतंय ना बघा. आणि पावसाळ्यात बॉल घरंगळत नाही, पडतो तिथेच चिकटतो, त्यामुळे वर सांगितलेलं हवेतल्या अंतराचं कार्ड तेव्हा सगळ्यात जास्त उपयोगी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा हातमोजा डाव्या हातात असतो म्हणजे उजवा अंगठा टचसाठी मोकळा, पण पावसात दोन्ही हातात मोजे घालणाऱ्यांना टच चालत नाही.

उन्हाळ्यात मशीन बग्गीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून जाऊ नका, आतली लिथियम बॅटरी उन्हाने लवकर मरते, आणि ती बहुतेक मॉडेलमध्ये आपल्याला बदलता येत नाही.

कुठे अडकवायचं, आणि कॅडीचं काय

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॅडी असतो आणि तो बॅग घेऊन आपल्या आधी बॉलपाशी पोहोचतो. परदेशी व्हिडिओत मशीन बॅगच्या पट्ट्याला अडकवलेलं दाखवतात, आपल्याकडे तसं केलं तर मशीन कॅडीबरोबर ५० पावलं पुढे गेलं आणि तुम्ही मागे. म्हणून कमरेच्या पट्ट्याला किंवा खिशाला लागणारी घट्ट क्लिप बघा, वाकल्यावर निघून पडणारी नको. बग्गी घेऊन खेळणाऱ्यांना चुंबकवालं सोयीचं, बुशनेलच्या फँटम मालिकेत मागे चुंबक आहे, लोखंडी खांबाला टक्कन चिकटतं. मात्र खड्ड्यातून बग्गी जाताना सुटतं का हे एकदा बघून घ्या.

कॅडी असताना जीपीएस कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जुना कॅडी त्या कोर्सचं प्रत्येक अंतर पाठ सांगतो, आणि वारा, लाय (बॉल कसा बसलाय), ग्रीनचा उतार हे कुठलंच मशीन त्याच्यासारखं सांगू शकत नाही. जीपीएस हा त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. आकडा वाचा आणि त्याला सांगा, मग तो सांगेल की दादा १४८ आहे पण वारा समोरून आहे, एक क्लब जास्त घ्या. त्याच्या समोर मशीन काढून त्याचा आकडा खोटा पाडायचा प्रकार मात्र करू नका, त्याचं पोट त्या ज्ञानावर आहे. नवीन शिकणाऱ्या कॅडीला तर मशीन हातात द्या, तो लवकर शिकतो.

नियम

स्पर्धा खेळत असाल तर हे नीट वाचा. २०१९ पासून आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांच्या नियमात, नियम ४.३ मध्ये, अंतर मोजणारं यंत्र वापरायला परवानगी आहे, फक्त स्पर्धेच्या कमिटीने स्थानिक नियम करून बंदी घातली असेल तरच नाही. त्याआधी उलटं होतं, कमिटीने परवानगी दिली तरच चालायचं. पुरुषांच्या मेजरमध्ये (सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांमध्ये) पहिल्यांदा २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपला अशी यंत्रं चालली, तीच कियावा आयलंडवरची, जी फिल मिकल्सनने पन्नासाव्या वर्षी जिंकली.

पण चढउतार मोजणं आणि त्यावरून ‘एवढं धरून मारा’ असा सुधारित आकडा घेणं नियमात बसत नाही, आणि बॉल आहे तिथून कुठला क्लब किंवा कुठली लाइन हे यंत्राने सुचवणंही नाही. हे फीचर मशीनमध्ये असलं तरी चालतं, फक्त बंद हवं. चुकून वापरलं तर पहिल्यांदा स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण स्ट्रोक मोजतात) २ स्ट्रोकची पेनल्टी, मॅच प्लेमध्ये (जिथे एकेक होल जिंकायचं असतं) होल गेला, आणि दुसऱ्यांदा बाद. म्हणून स्पर्धा खेळणाऱ्यांनी असं मॉडेल घ्यावं ज्यात टूर्नामेंट मोड (हे फीचर बंद ठेवणारी सेटिंग) एका जागी आहे आणि चालू आहे हे स्क्रीनवर दिसतं. ऑक्सफर्डसारख्या डोंगरातल्या कोर्सवर चढउताराचा आकडा सरावाला खूप उपयोगी आहे, सरावात बघून मनात बसवून ठेवा, स्पर्धेत तो अंदाज कामाला येतो आणि त्याला कुठला नियम आडवा येत नाही.

अजून एक, अंतर सांगणं हा सल्ला मानला जात नाही, ती सगळ्यांना उपलब्ध असलेली माहिती आहे. म्हणजे चौघांच्या ग्रुपमध्ये एकाकडे जीपीएस असला तरी बाकीचे तिघे त्याला बिनधास्त अंतर विचारू शकतात. दर शनिवारी तेच चौघे खेळत असाल तर चौघांनी चार घ्यायची घाई करू नका.

कुठलं घ्यायचं

आधी फोनवर फुकट अ‍ॅप टाकून महिनाभर खेळा. १८ बर्डीज, होल १९, स्विंगयू, गोल्फशॉट ही नावं शोधा. फोनमधला जीपीएस काही वाईट नाही, त्रास दुसरा आहे, बॅटरी संपते, उन्हात दिसत नाही, मध्येच ऑफिसचा फोन येतो, आणि बऱ्याच क्लबात कोर्सवर फोन काढलेला चालत नाही. पण या महिनाभरात तुम्हाला कळतं की तुम्ही खरंच आकडा बघून खेळता की दोन होलनंतर विसरता. विसरत असाल तर पैसे वाचले.

बघत असाल तर मग तीन थर आहेत. खालचा थर क्लिपवाल्यांचा, गार्मिनचं अप्रोच जी १२ यातलं चांगलं, १.३ इंची गोल स्क्रीन, पुढे-मध्ये-मागे आणि हॅझर्ड, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३० तासांपर्यंत बॅटरी, म्हणजे आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला चार्जिंगची काळजीच नाही. बुशनेल फँटम पण इथेच. माझ्या मते दहातल्या आठ जणांना हा थर पुरतो, पुरून उरतो.

मधल्या थरात शॉट मोजून ठेवणारे येतात, शॉट स्कोपच्या एच ४ मध्ये क्लबच्या मुठीवर टॅग लावायचे आणि शॉटच्या आधी टॅगला मशीन टेकवायचं, घरी गेल्यावर कळतं की कुठला क्लब किती जातो आणि स्ट्रोक कुठे जातायत. हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) खाली आणायच्या मागे असलेल्या माणसाला हे आवडेल, शिस्त मात्र हवी.

वरचा थर मोठ्या स्क्रीनचा. गार्मिनचं जी ८० साडेतीन इंची, त्यात रडारही आहे, रेंजवर शेजारी ठेवून बॉलचा वेग आणि अंदाजे अंतर मोजता येतं, म्हणजे ते कार्ड बनवायचं काम पण त्यातच. ते बरंच आधीचं मॉडेल आहे, स्टॉक मिळतो का बघावं लागेल. स्कायकॅडीचे एस एक्स ४०० वगैरे मोठे नकाशे दाखवतात, त्यांची जुनी ओळखच ही की कोर्सवर माणूस चालवून नकाशे बनवायचे, पण त्यांना दरवर्षी मेंबरशिपचे पैसे लागतात. घेताना पहिल्या दिवसाची किंमत बघू नका, तीन वर्षांची मेंबरशिप धरून बेरीज करा, मग गार्मिनसारख्या आजन्म फुकट अपडेटवाल्यांशी तुलना करा.

अमेरिकेतल्या भावाकडून, मुलीकडून मागवायचा बेत असेल, आणि आपल्यातले अर्धे लोक तसंच करतात, तर तीन गोष्टी त्यांना आधीच विचारायला सांगा. वॉरंटी भारतात चालते का, नाही तर बिघडल्यावर परत तिकडेच पाठवावं लागेल. त्यात आशियाचे नकाशे आहेत का, की फक्त अमेरिका-कॅनडा भरलंय. आणि चार्जिंगची वायर साधी सी-टाइप आहे की कंपनीची खास, खास असेल तर दोन मागवा. येताना बॅटरीवालं मशीन चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेत.

सेकंडहँड घेताना फक्त मशीन चालू होतं का ते बघून पैसे देऊ नका. आधीच्या मालकाच्या खात्यातून ते काढलंय का, नव्या खात्यात जोडता येतं का, आणि नकाशाचं अपडेट अजून येतं का, हे तिन्ही समोर करून दाखवायला सांगा. जुन्या काही मॉडेलचं अपडेट कंपन्यांनी बंद केलंय, ते मशीन धडधाकट असलं तरी नकाशा जिथे थांबला तिथेच थांबला. बॅटरी पूर्ण चार्ज करून एक पूर्ण राउंड टिकते का तेही, साडेचार-पाच तास.

घरी आणल्यावर

आधी अपडेट करा, नकाशे पण आणि सॉफ्टवेअर पण. मग युनिट बघा, यार्ड की मीटर. आपल्याकडे कार्डावर यार्ड असतात, पण युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात वापरलेलं मशीन मीटरवर असू शकतं, आणि १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, सव्वा क्लबाचा फरक, तो दोन-तीन शॉट जाईपर्यंत लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी उलट मीटरच ठेवावं, तिथले खांब मीटरचे आहेत.

टीवर पोचून मशीन चालू करू नका. गाडी पार्क केली की चालू करा आणि मोकळ्या आकाशाखाली ठेवा, पटिंग ग्रीनवर सराव करेपर्यंत त्याला सॅटेलाइट सापडलेले असतात. बऱ्याच दिवसांनी किंवा विमान प्रवासानंतर पहिल्यांदा लावत असाल तर जास्त वेळ द्या, सॅटेलाइट कुठे कुठे आहेत ही पूर्ण यादी सिग्नलमधून उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात, तोवर आकडा आला तरी जरा अस्थिर असू शकतो. आणि खेळताना बॉलपाशी पोचायच्या आधी, चालता चालताच आकडा बघून घ्या, क्लब ठरवून या, म्हणजे तुमची पाळी आली की फक्त मारायचंय, मागचा ग्रुप थांबून राहणार नाही.